हजार यार्डांवरचा हिशेब

हार्कोर्ट ओमुंडसेनचं चरित्र पोस्टकार्डावर मावेल. जन्म २३ नोव्हेंबर १८७८. १९०१ साली इंग्लंडमधल्या बिस्लेच्या मैदानावर 'किंग्ज प्राइझ'. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश संघातून रौप्यपदक, १९१२ ला स्टॉकहोममध्ये पुन्हा रौप्य. १९१५ साली अर्नेस्ट रॉबिन्सनबरोबर लिहिलेला रायफलींवरचा ग्रंथ. आणि त्याच वर्षी १९ सप्टेंबरला, बेल्जियममधल्या ईप्रजवळ, लढाईत मृत्यू. वय छत्तीस.

एवढ्याशा ऐवजावर रसग्रहण कसलं करायचं, असं कुणी विचारलं तर त्यात चूक नाही. गवयाची ध्वनिमुद्रिका राहते, फलंदाजाच्या डावाची वर्णनं राहतात. नेमबाजाची कलाकृती म्हणजे ताणलेल्या कापडाला पडलेलं एक भोक, आणि तेही लगेच कागदाचा तुकडा डकवून बुजवलेलं. मागे उरतो तो आकडा. पण हा आकडा वाचता येतो. तो किती अंतरावरून, कसल्या हत्याराने आणि कुठल्या हवेत उभा राहिला हे एकदा नीट समजून घेतलं, की त्या पोस्टकार्डावरची प्रत्येक ओळ उलगडायला लागते. मला स्वतःला या माणसाची गोडी लागली ती अशीच, पदकांमुळे नव्हे.

आधी मैदान. १८५९ साली फ्रेंच आक्रमणाच्या धास्तीने इंग्लंडात हौशी सैनिकांच्या पलटणी उभ्या राहिल्या. आठवडाभर कचेरीत लेखणी चालवायची आणि शनिवारी कवायत करायची, अशी ही माणसं. त्यांना बंदूक नीट चालवता यावी म्हणून त्याच वर्षी नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली, आणि १८६० च्या जुलैत लंडनच्या विंबल्डन माळावर पहिला मेळा भरला. उद्घाटनाची गोळी व्हिक्टोरिया राणीने झाडली. व्हिटवर्थची रायफल लोखंडी बैठकीवर आधीच नेम धरून पक्की बसवलेली, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर बसली. टाळ्या पडल्या असणारच. पण या खेळाच्या इतिहासातली ही बहुधा सर्वांत नीरस गोळी. माणूस आणि वारा, दोघांनाही तिच्यात जागा नव्हती. नेमबाजीची सगळी मजा ती लोखंडी बैठक काढून घेतल्यावर सुरू होते.

१८९० साली हा मेळा सरे परगण्यातल्या बिस्लेला हलला. तिथे दोन मैदानं महत्त्वाची. 'सेंच्युरी' सहाशे यार्डांपर्यंतचं, आणि 'स्टिकलडाउन' त्याहून लांबचं. किंग्ज प्राइझची सुरुवात जवळच्या अंतरांवर होते. शेकडो स्पर्धक गळत जातात आणि उरलेले मूठभर शेवटी हजार यार्डांवर येऊन आडवे होतात. ओमुंडसेनचं खरं वाचन या शेवटच्या अंतरावर करायचं.

हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला प्रोन प्रकारात, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, विश्वविजेतेपद मिळवलं ते पन्नास मीटरवर. हे त्याच्या अठरापट अंतर. मात्र लगेच थक्क होऊ नये. पन्नास मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम साडेदहा मिलिमीटरचं असतं. बिस्लेला हजार यार्डांवरचं काळं बुल, म्हणजे मधलं वर्तुळ, चांगलं तीन फुटांचं. डोळ्याशी होणाऱ्या कोनाचा हिशेब केला तर बिस्लेचं लक्ष्य पाचपट मोठं भरतं. तेव्हा अवघडपणा लक्ष्याच्या लहानपणात नाही, तो मधल्या हवेत आहे. ही गोष्ट ज्याला पहिल्यांदा उमगते तो या खेळाचा खरा प्रेक्षक होतो.

तरीही डोळ्याचं काम थोडं नव्हतं. ओमुंडसेनच्या उमेदीतल्या .३०३ बोअरच्या सरकारी लांब ली-एन्फील्ड रायफलीला दुर्बीण नव्हती. नळीच्या टोकाला जवाच्या दाण्याच्या आकाराची, वर निमुळती होत गेलेली माशी, आणि मागे इंग्रजी व्हीसारखी खाच. खाचेतून माशीचं टोक पाहायचं आणि त्या टोकावर लक्ष्य टेकवायचं. माशी डोळ्यापासून साधारण एक मीटर. तीन फुटांचं ते काळं वर्तुळ त्या ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटरचं दिसतं. बरं, माणसाच्या डोळ्याला खाच, माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एका वेळी स्पष्ट दिसत नाहीत. नवखा साहजिकच लक्ष्याकडे पाहतो. मुरलेला नेमबाज लक्ष्य अंधूक होऊ देतो आणि नजर माशीच्या टोकावर ठेवतो. कारण साधं आहे. खाचेत माशीचं टोक इंचाच्या शंभराव्या भागाने वर-खाली झालं, तर हजार यार्डांवर गोळी सव्वा ते दीड फुटाने चुकते. म्हणून माशीवर चकाकी राहू नये यासाठी तिच्यावर काजळी धरायची. कापराचा धूर त्याला सर्वांत चांगला. आपल्याकडे आरतीच्या तबकात राहणारी ही वस्तू नेमबाजाच्या पेटीत ठेवलेली पाहिली की मला उगाच बरं वाटतं.

आता शरीर. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, माणूस झोपलेला आहे, यात काय पाहायचं? पाहायचं ते हे की त्याने स्नायूंना काम दिलेलं नसतं. धड नेमाच्या रेषेला तिरकं, पाय फाकलेले, टाचा जमिनीला टेकलेल्या, डावं कोपर रायफलीच्या बरोबर खाली. रायफल हाताच्या जोरावर तोलायची नसते, तिचा भार हाडांवरून सरळ जमिनीत उतरवायचा. ही बैठक जमली आहे का, याची एक सोपी परीक्षा आहे. नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि उघडायचे. माशी लक्ष्यावरून हलली असेल तर हातांनी ती परत ओढून आणायची नाही, सगळं शरीर कोपराभोवती तेवढं फिरवून घ्यायचं. ओढून आणलेला नेम चाप दाबताना हटकून जुन्या जागी पळतो. मग श्वास अर्धा सोडून थांबायचं. इतक्या शांततेत नाडीचा ठोका माशीच्या टोकावर दिसायला लागतो. चाप ओढायचा नसतो, दाब वाढवत न्यायचा असतो, आणि गोळी नेमकी केव्हा सुटणार हे दाबणाऱ्यालाही ठाऊक नसलेलं बरं. उत्तम नेमबाजाची गोळी पाहताना हालचाल अशी काही दिसतच नाही. आवाज येतो तेव्हा सगळं आधीच होऊन गेलेलं असतं.

इथपर्यंतचं कौशल्य बिस्लेच्या शंभरेक माणसांकडे असे. त्यांतून विजेता निवडतो तो वारा.

त्या काळची सरकारी गोळी २१५ ग्रेन वजनाची, गोल तोंडाची, सेकंदाला दोन हजार फुटांहून थोड्या अधिक वेगाने सुटणारी. हजार यार्ड जायला तिला दोन सेकंदांहून जास्त लागत. तेवढ्या वेळात ताशी दहा मैलांचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पानं सळसळवणारी एक साधी झुळूक, तिला दहा फुटांहून अधिक बाजूला नेतो. बुल तीन फुटांचं आहे हे लक्षात घ्या. म्हणजे वाऱ्याचा अंदाज ताशी दीड-दोन मैलांनी हुकला तर मधोमध धरलेला नेमही बुलाबाहेर गेलाच. त्यातून जुन्या लांब ली-एन्फील्डच्या मागच्या खाचेला आडवं सरकायची सोय नव्हती. जोराच्या वाऱ्यात नेम स्वतःच बाजूला धरावा लागे, कधी आपल्या लक्ष्याच्या कडेवर, कधी त्याच्याही बाहेर. आपल्या बुलात गोळी बसवण्यासाठी शेजाऱ्याच्या दिशेने नेम धरायचा आणि तो तिथे निश्चिंतपणे धरायचा, याला डोळ्यापेक्षा मनाची तयारी लागते.

वारा दिसतो कशात? झेंड्यांत, पण झेंडे खांबावर असतात आणि गोळी झेंड्यांच्या उंचीने जात नाही. हजार यार्डांच्या वाटेवर ती मध्ये वीसेक फूट वर चढते आणि मग खाली येते. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्याला ही गंमत सांगायला नको. गच्चीवर वारा पडलेला असतो आणि वर मांजा बोट कापत असतो. शिवाय तीन झेंडे तीन दिशांना फडफडत असतील तर कुणाचं ऐकायचं? नवख्याला वाटतं, लक्ष्याजवळच्या झेंड्याचं. मुरलेला माणूस आपल्या जवळच्या वाऱ्याला अधिक मान देतो. सुरुवातीच्या टप्प्यात गोळीला मिळालेला आडवा धक्का पुढच्या सगळ्या वाटेवर वाढत जातो, शेवटच्या शंभर यार्डांतल्या धक्क्याला वाढायला जागाच उरत नाही.

झेंड्यांपेक्षा बारीक साधन म्हणजे मृगजळ. उन्हात तापलेल्या जमिनीवरून हवेच्या लहरी उठतात. त्या दुर्बिणीतून पाहायच्या, आणि इथे एक नाजूक युक्ती आहे. दुर्बीण लक्ष्यावर स्पष्ट करायची नाही. ती किंचित अलीकडे आणायची, म्हणजे लक्ष्य धूसर होतं आणि मधल्या वाटेवरच्या लहरी उठून दिसतात. वारा डावीकडून आला की लहरी उजवीकडे धावतात. वारा पडला की त्या सरळ वर उकळतात. पण हे उकळणं लबाड असतं. वारा समोरून किंवा बरोबर पाठीमागून आला तरी लहरी तशाच उकळताना दिसतात, आणि तो जरा तिरका झाला की पुढची गोळी फूट-दोन फूट बाजूला. वारा फार जोराचा असला की लहरी इतक्या सपाट होतात की त्यातून काही कळत नाही, मग पुन्हा झेंड्यांकडे. ढग आला की मृगजळ नाहीसं होतं. म्हणजे हे असं वाचन आहे ज्याचं पान वाचता वाचता पुसलं जातं.

आणखी एक पेच. गोळी झाडली की खंदकातली माणसं लक्ष्य खाली ओढतात, भोक शोधतात, बुजवतात, आणि लक्ष्य वर करून तबकडीने दाखवतात की गोळी कुठे लागली. बुलाला पाच, मग चार, तीन, दोन. नेमबाजाला आपली चूक कळते ती इतक्या वेळाने. तोवर ज्या वाऱ्यात गोळी मारली तो वारा राहिलेला नसतो. सामान्य माणूस डावीकडे गेली म्हणून पुढची उजवीकडे धरतो आणि दोनदा चुकतो. जाणता नेमबाज आधी स्वतःला विचारतो की मागची गोळी सुटताना वारा जो होता तो मी बरोबर वाचला होता का, आणि मग आत्ताच्या वाऱ्याकडे पाहतो. हे दोन प्रश्न वेगळे ठेवणं म्हणजेच हजार यार्डांची विद्या. पंधरा गोळ्या, पंधरा वेळा हा हिशेब नव्याने मांडायचा, मागच्या पंचाचा आनंद किंवा तिनाची चुटपुट त्यात मिसळू द्यायची नाही.

हत्याराबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्यात एक फार सुरेख गोष्ट दडलेली आहे. ली-एन्फील्डची नावाजलेली उणीव अशी की तिचा खटका मागच्या बाजूला अडकतो. जर्मन माउझरमध्ये तो पुढे, काडतुसाच्या लगत अडकतो, त्यामुळे ती रायफल ताठ राहते. ली-एन्फील्ड गोळी सुटताना लवते आणि तिची नळी वर-खाली थरारते. जवळच्या अंतरावर हा दोष खराच. पण एकाच पेटीतली काडतुसंही तंतोतंत सारख्या वेगाची नसतात. वेगात शंभरातल्या एका भागाचा फरक पडला तरी हजार यार्डांवर गोळी फूटभर वर-खाली व्हायला हवी. ली-एन्फील्डमध्ये वेगवान गोळी नळीतून आधी बाहेर पडते. हळू गोळी किंचित उशिरा निघते, तोवर नळीचं तोंड थरारत थोडं वर गेलेलं असतं. हळू गोळी म्हणजे थोडी उंच दिशेने सुटलेली गोळी. लांबवर जाऊन दोघी जवळजवळ एकाच जागी उतरतात. म्हणून चारचौघांत ताठ म्हणून मिरवणाऱ्या रायफलींपेक्षा ही लवचीक रायफल आठशे, नऊशे, हजारावर उजवी ठरू शकते. बिस्लेची माणसं हे जाणून होती. नळीतले आटेही डावीकडे वळणारे, त्यामुळे फिरणारी गोळी लांबवर थोडी डावीकडे सरकते, आणि उत्तर गोलार्धात पृथ्वीच्या फिरण्याने तिला काही इंच उजवीकडे ओढ मिळते. दोन चुका एकमेकींना बऱ्यापैकी खाऊन टाकतात. ही रायफल ज्याने अशी आतून ओळखली त्याच्या हातातच ती खुलते.

आता १९०१ सालची ओळ पुन्हा वाचू. व्हिक्टोरिया राणी जानेवारीत वारली होती. चार दशकं 'क्वीन्स प्राइझ' म्हणून चाललेलं बक्षीस त्या जुलैत पहिल्यांदा 'किंग्ज प्राइझ' झालं, आणि त्याचा पहिला मानकरी ठरला एडिंबरोच्या 'क्वीन्स एडिंबरो' या हौशी पलटणीतला बावीस वर्षांचा पोरगा. योगायोग गमतीचा आहे, राणीच्या नावाच्या पलटणीने राजाच्या नावाचं पहिलं बक्षीस नेलं. तिकडे दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चाललेलं. माउझर घेतलेल्या शेतकऱ्यांनी लांबवरून नेम धरून ब्रिटिश फौजेला जे धडे दिले होते, त्यामुळे लांब पल्ल्याच्या नेमबाजीकडे देश एरवीपेक्षा निराळ्या नजरेने पाहत होता. बिस्लेच्या विजेत्याला खुर्चीत बसवून, खांद्यावर उचलून, वाजतगाजत मिरवतात. त्या वर्षीच्या मिरवणुकीला खेळापलीकडचा अर्थ होता. मला मात्र त्यातलं वय महत्त्वाचं वाटतं. तेज डोळे बाविसाव्या वर्षी असतातच. वारा वाचायला येणारं शहाणपण सहसा पुढे पंधरा-वीस वर्षांनी येतं. या मुलाकडे दोन्ही एकाच वेळी होतं.

तरी एक शंका रास्त आहे. किंग्ज प्राइझ एकदा नशिबानेही मिळू शकतं. एका दुपारी वारा मेहेरबान झाला, चाललं. म्हणून मी ओमुंडसेनची रौप्यपदकं त्याच्या किंग्ज प्राइझपेक्षा वर धरतो. १९०८ ची ऑलिंपिक सांघिक स्पर्धा बिस्लेलाच झाली. सहा जणांचा संघ, सहा अंतरं, २०० यार्डांपासून १००० पर्यंत. प्रत्येक अंतरावर प्रत्येकी पंधरा गोळ्या. म्हणजे एका माणसाच्या नव्वद, संघाच्या ५४०. अमेरिकेने २७०० पैकी २५३१ गुण केले, ब्रिटनने २४९७, कॅनडाने २४३९. पहिल्या दोघांत फरक ३४ गुणांचा, सोळा गोळ्यांमागे जेमतेम एक गुण. घरच्या मैदानावर हरल्याची बोच ब्रिटिशांना लागली असेल, पण आकडा नीट पाहा. संघाची सरासरी प्रत्येक गोळीला ४.६ च्या वर, त्यात हजार यार्डांच्या गोळ्याही आल्या. इतक्या गोळ्यांना नशीब पुरत नाही.

चार वर्षांनी स्टॉकहोमला अंतरं २०० ते ६०० मीटर एवढीच होती. ओमुंडसेनचं खरं राज्य जिथे सुरू होतं तिथे ही स्पर्धा संपत होती. अमेरिका १६८७, ब्रिटन १६०२, स्वीडन १५७०, असा निकाल लागला. पण दोन्ही वर्षांच्या ब्रिटिश संघांची नावं शेजारी ठेवून पाहिली की एक बारीक गोष्ट हाती लागते. १९०८ च्या सहा जणांपैकी चार गळले, चार नवे आले. दोन्हीकडे राहिले ते दोघेच, ओमुंडसेन आणि आर्थर फुल्टन. बिस्लेसारख्या ठिकाणी, जिथे दर जुलैत नवा पोरगा मोठ्यांना मागे टाकायला टपलेला असतो, तिथे चार वर्षांनी परत निवड होणं म्हणजे काय, हे ज्याने कुठल्याही खेळाचा निवडीचा फड पाहिला आहे त्याला सांगावं लागणार नाही.

या मैदानाशी आपलंही एक नातं आहे, ते इथे न सांगून चालणार नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीतल्या फ्लॉरेन्सला ते अवघ्या विशीत वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांची छत्री आजही आहे. पुढच्याच वर्षी, १८७१ पासून, कोल्हापूरच्या राजाच्या नावाचा चषक नॅशनल रायफल असोसिएशनच्या मेळ्यात सुरू झाला. ब्रिटन आणि साम्राज्यातल्या देशांच्या संघांनी त्यासाठी लढायचं. तो अजून बिस्लेला खेळला जातो, आठ-आठ जणांचे संघ, ३००, ५०० आणि ६०० यार्ड. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आणि २०२४ ला पॅरिसहून कांस्यपदक आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांच्या जिल्ह्याचं नाव दीडशे वर्षांपासून तिथल्या फलकावर आहे, हे कोल्हापूरकरांनाच फारसं ठाऊक नसतं.

ग्रंथाकडे वळू. 'रायफल्स अँड ॲम्युनिशन अँड रायफल शूटिंग' हे त्याचं लांबलचक नाव, प्रकाशन लंडनच्या कॅसल कंपनीचं, साल १९१५. शीर्षकातला क्रम मला आवडतो. आधी रायफल, मग काडतूस, आणि शेवटी नेमबाजी. पदकं मिळवलेला माणूस पुस्तक लिहायला बसला की बहुधा स्वतःपासून सुरुवात करतो. इथे माणूस सर्वांत शेवटी येतो. ज्याने नळीचा थरार आणि काडतुसाच्या वेगातला फरक पचवला आहे त्यालाच असा क्रम सुचतो. युद्ध सुरू झालेलं, पलटणीची तयारी चाललेली, अशा काळात हे काम पुरं झालं.

'ऑनरेबल आर्टिलरी कंपनी' या त्याच्या युद्धकाळातल्या पलटणीच्या नावात तोफखाना असला तरी तिचं पायदळही होतं, आणि १९१५ मध्ये ते ईप्रच्या आघाडीवर होतं. इथे या कथेतला क्रूर विनोद येतो. पन्नास-पंचावन्न वर्षं एका देशाने युद्धाची तयारी म्हणून लांबवर नेम मारण्याची विद्या जोपासली, तिचा कळस हजार यार्डांवर बांधला, आणि युद्ध आलं ते खंदकांचं. दोन फौजांमधलं अंतर कित्येक ठिकाणी शंभर यार्डांच्या आत. वारा वाचायला जागा नाही, डोकं वर काढून पाहण्याचीच चोरी. माणसं मरत होती ती मुख्यतः तोफगोळ्यांनी, आणि तोफगोळा कुणाचा गुणफलक विचारत नाही. ओमुंडसेनचं अर्धं शास्त्र त्या चिखलात निरुपयोगी होतं.

उरलेल्या अर्ध्याची मात्र फार गरज होती, आणि ती ध्यानात यायला उशीर झाला. १९१५ मध्ये जर्मन नेमबाज पोलादी पत्र्यांच्या आडून, दुर्बिणी लावलेल्या रायफलींनी ब्रिटिश खंदकांवर मनमानी करत होते. ब्रिटिशांकडे अशा रायफली मोजक्या, आणि ज्या होत्या त्या नीट जुळवून घ्यायला शिकवणारं कुणी नाही. हेस्केथ-प्रिचर्ड नावाच्या शिकारी लेखकाने तर ते पोलादी पत्रे फोडायला हत्तीच्या शिकारीच्या बंदुका आघाडीवर नेल्या. त्याच्याच धडपडीतून १९१६ मध्ये फर्स्ट आर्मीची नेमबाजांची शाळा निघाली. तिथे शिकवलं जात होतं ते काय? रायफल अचूक जुळवून घेणं, दुर्बिणीतून तासन्‌तास पाहून टिपणं काढणं, आणि जोडीने काम करणं, एकाने पाहायचं, दुसऱ्याने मारायचं. बिस्लेच्या गवतावर दुर्बीण घेऊन बसलेल्या आणि शेजाऱ्याला वारा सांगणाऱ्या कुणालाही हे पाठ होतं. त्या शाळेत शिकवणाऱ्यांत जॉर्ज ग्रे होता, १९०८ च्या किंग्ज प्राइझचा मानकरी. ओमुंडसेन तिथे असता तर ग्रंथकार, ऑलिंपिकपटू आणि आघाडीचा अनुभव असलेला अधिकारी असं तिन्ही एकाच माणसात मिळालं असतं. शाळा निघाली तेव्हा तो नव्हता.

दोन्ही ऑलिंपिकमधला त्याचा सोबती आर्थर फुल्टन युद्धातून परत आला. फुल्टनच्या वडिलांनी १८८८ ला क्वीन्स प्राइझ जिंकलेलं, त्याने स्वतः १९१२ ला किंग्ज प्राइझ, आणि पुढे त्याच्या मुलाने १९५८ ला. पण आर्थरच्या नावापुढे एकच साल नाही. युद्धानंतर, पलटणींची आणि रायफलींची एक पिढी बदलून गेल्यावर, १९२६ मध्ये तो पुन्हा जिंकला आणि १९३१ मध्ये तिसऱ्यांदा, चाळिशी ओलांडल्यावर. तरुण डोळे ही या खेळाची गरज निम्मीच आहे, उरलेली निम्मी वयाने येते, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. १९३१ च्या जुलैत ओमुंडसेन बावन्न वर्षांचा असता, आणि किंग्ज प्राइझला वयाची अट नाही.